तोलिब आकांची मदत

ताश्कंदच्या त्या छोट्याशा ऑफिसात दर गुरुवारी अंगणात पुलाव शिजायचा आणि कढईला हात फक्त तोलिब आकांचा. ऑफिसातले सर्वांत वडीलधारे प्रोग्रामर, म्हणून सगळ्यांचे 'आका', म्हणजे थोरले भाऊ. एकदा तांदळावर झाकण पडलं की मधे कुणी उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यांच्या हाताखालच्या मुहय्योनं तो कामालाही लावला. लग्नाच्या हॉलवाल्यांसाठी पाहुणे बसवायचा जुना प्रोग्राम पाच दिवस खपून सुधारला, रोज स्वतःच्या लॅपटॉपवर गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, त्याची नोंद केली, पण सर्व्हरवर एकही चढवली नाही. अर्धकच्चं वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचं कसं? शिवाय नोंदींवर रागाच्या भरात लिहिलेले शेरे आधी निवडून काढायचे होते.

आज एक वाजता हॉलवाले बघायला येणार होते. साडेअकराला ती, सगळ्यांत धाकटी म्हणून, नान आणायला गेली. परतली तर तिच्या खुर्चीत एप्रन बांधलेले आका आणि कीबोर्डवर गाजराचे तुकडे.

"पोरी, तुझा लॅपटॉप कुरकुरत होता. सर्व्हरवरचं ताजं आणून सगळं लख्ख केलं बघ!"

मुहय्योनं पाहिलं. शेवटची नोंद आठवड्यापूर्वीची. नान जमिनीवर पडू द्यायचे नसतात म्हणून तेवढे हातात राहिले.

"आका, माझं पाच दिवसांचं काम होतं यात!"

"मग सर्व्हरवर का नाही चढवलंस?"

"तुम्हीच म्हणता ना, झाकण उघडायचं नाही!"

"अगं, ते तांदळाचं!"

तिला रडूच कोसळलं. वडीलधाऱ्यावर ओरडायचीही सोय नाही. आकांचा चेहरा पार उतरला.

"रडू नको गं. नोंद केली होतीस ना? मग गिट इतक्यात काही फेकत नाही. चिकट असतं ते, माझ्या सासूसारखं."

त्यांनी एक ओळ टाइप केली. आजवरच्या उलाढालींची यादी उमटली आणि तिच्यात पाचही नोंदी सुखरूप! मुहय्यो डोळे पुसून हसली आणि दुसऱ्याच क्षणी तिला ते शेरे आठवले.

"पुढचं मी करते, आका. तुमचा पुलाव करपेल!"

"झाकण ठेवलंय. वेळ आहे." आकांनी चष्मा चढवला आणि ते शेरे वाचू लागले. "'आकांचा गोंधळ निस्तरला.' हं, हे खरंय. 'टेबलांची ही जुनी यादी ज्यानं लिहिली त्याला गाढवंही हसतील. आकाच असणार.'"

मुहय्योला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आकांनी शांतपणे टेबलांची ती यादी उघडली आणि कोणती ओळ कुणाची ते काढलं. प्रत्येक ओळीपुढे एकच नाव होतं, मुहय्योचं. तारीख गेल्या रमजानमधली.

आकांनी पाचही नोंदी परत जागेवर बसवल्या आणि खुर्ची रिकामी केली.

"रोज्यात लिहिली असशील, उपाशीपोटी," ते समजुतीनं म्हणाले. "चढव आता सर्व्हरवर. आणि आधी जेव."