शमशोनचा नऊ पौंडी घण

मित्रांनो, १९६३ सालचा तो बुधवार होता आणि माझा दांडा ढिला झाला होता. मी एक घण, नऊ पौंड वजनाचा, वयाने तुमच्या आजोबांएवढा. ढिला घण वार करताना निसटतो आणि शेजारच्याचं डोकं फोडतो. म्हणून शमशोनने मला दगडाच्या खाणीतून इस्रायलमधल्या डिमोना गावातल्या घरी आणलं, दांडा बादलीत भिजत घातला आणि पाचर तासायला बसला. समोरच्या पायरीवर त्याची लेक मलका मांडीवर दोन पत्रं घेऊन बसली होती.

मलका यरुशलेमहून गणिताची पदवी घेऊन आली होती. एक पत्र विद्यापीठाचं होतं, एम. ए. करायला बोलावणारं. दुसरं तेल अवीवच्या एका बँकेचं, कर्जविभागात नोकरी देणारं. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"काय ठरवलंस, बाय?"

"बँक," मलका हिब्रूत म्हणाली. बापाने मराठीत विचारायचं आणि लेकीने हिब्रूत सांगायचं, ही त्या घराची रीत होती. आई मुंबईतच वारली होती. घरात ही दोघंच.

"बँक? मग तोंड का असं, बँकेत मयत झाल्यासारखं?"

"ऊन लागतंय, आबा."

"शिकायचं असेल तर शीक. हा घण आहे, मी आहे. आणखी दोन वर्षं फोडू धोंडे."

"घण फोडील. पण काल सदरा घालताना खांदा धरून कोण ओरडत होतं?"

"सदराच तंग. इथल्या शिंप्यांना माप कुठे कळतं?"

"पुरे, आबा. मला बँकच हवी."

"खरं?"

"खरं."

शमशोनने दांडा बादलीतून काढला. मग पाचर माझ्या डोक्यात घातली आणि ठोकली.

मार मला नवा नव्हता. माझगावच्या लोहाराने मला लाल तापवून ऐरणीवर बडवलं, तेव्हापासून मला मारणं आणि मार खाणं एवढंच ठाऊक. मुंबईच्या गोदीत मी शमशोनच्या बापाच्या हाती लोखंड वाकवलं. बारा वर्षांपूर्वी शमशोनने मला पेटीत घालून जहाजावर चढवलं. वाळवंटातला दगड चिवट. इतरांचे घण त्यावरून उडत, दगडाच्या कपच्या त्यांचे गाल कापत. शमशोन मात्र दगड जिथून तडकतो ती शीर बघून एकच ठोका घाली आणि धोंडा दोन होई. मुकादम याकोव म्हणे, "या घणाला पगार द्यायला हवा." ते ऐकून मला फार बरं वाटे.

गुरुवारी सकाळी सुरुंग भरले गेले. शिटी वाजली, माणसं वर धावली. शमशोनही चढला. वर पोचल्यावर त्याला माझी आठवण झाली. मी खालीच राहिलो होतो, कड्याच्या पायथ्याशी. तो न सांगता मागे फिरला.

याकोव वर धुरळ्यात उभा होता, हात सुरुंग उडवायच्या यंत्राच्या दांडीवर. नेमाप्रमाणे तो हिब्रूत ओरडला, "मी शाम?"

मित्रांनो, त्या भाषेत 'मी' म्हणजे 'कोण' आणि 'शाम' म्हणजे 'तिथे'. शमशोनला ते चांगलं ठाऊक होतं. पण घाईत माणूस आईच्या भाषेत ओ देतो. त्याने मला उचललं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मी!"

त्या खाणीत प्रत्येक आवाज कड्यावर आपटून परत येई. याकोवला वाटलं, आपलाच शब्द परत आला. त्याने दांडी दाबली.

कडा फुटला. आधी धक्का आला, मग दगड. माझा दांडा तीन ठिकाणी मोडला. त्यातल्या एका तुकड्यावर शमशोनची मूठ तशीच होती. उरलेला शमशोन बाहेर काढायला दुपार झाली.

सुतकाच्या सातव्या दिवशी याकोव माझं लोखंड घेऊन घरी आला. जमिनीवर बसला. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला, "पण मला तो माझाच आवाज वाटला." मलकाने त्याला पाणी दिलं.

तिने बँकच धरली. शेजारच्या फ्लोरामावशीने विचारलं, "अगं, आता कुणासाठी?" तेव्हा म्हणाली, "आबांना जे खरं म्हणून सांगितलं, ते खोटं कसं करू?" मी दाराआड पडून गंजलो.

मित्रांनो, अवजारांना तेलपाणी करा, त्यांचे दांडे घट्ट ठेवा. पण जळत्या वातीकडे, फुटत्या कड्याकडे आमच्यासाठी परत वळू नका. आम्ही पुन्हा घडवले जातो. आणि धोक्याच्या जागी कुणाला हाक मारायची तर नाव घेऊन मारा. त्या खाणीत आता एकेकाचं नाव पुकारतात. आधी पुकारलं असतं तर!

१९६४ साली, शमशोन जाऊन वर्ष झालं त्या दिवशी, मलकाने मला बाजारातला नवा दांडा बसवला आणि खाणीत नेलं. सुट्टी होती, कुणी नव्हतं. कोसळलेल्या कड्याखालच्या एका धोंड्यावर तिने मला हाणलं. तिला शीर दिसत नव्हती. ती नुसती मारत सुटली. कपच्या तिच्या कपाळाला लागल्या, तळहात सोलले, माझा दांडा रक्ताने निसरडा झाला. धोंडा फुटला नाही. शेवटी मी तिच्या हातून सुटून पडलो.

ती कड्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्याने, मराठीत म्हणाली, "आबा, मला शिकायचंय."