बारीकसारीक

सर्व्हरला एकदा बोलायला शिकवलं की त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. अक्रा शहरातल्या सर्व्हरच्या थंडगार हॉलमध्ये अराबा दिवसभर एकटीच बसे, आणि यंत्रांवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर तिला सगळं सांगत राही: अमक्याचा पंखा जरा जोरात फिरला, तमक्याचं झाकण कुणीतरी उघडून लावलं, नेटवर्कची एक तार क्षणभर सुटून पुन्हा लागली. यातलं खरं दुखणं एखादंच, बाकी सगळी कुरकुर.

"ही बडबड वाचतं कोण?" एका सकाळी वरच्या मजल्यावरचे क्वान्सासाहेब खाली येऊन म्हणाले. "डिस्क भरून वाहायला लागलीय. गंभीर असेल तेवढंच येऊ दे, अराबा. बाकीचं बंद."

तिने नोंदींची पातळी 'माहिती'वरून 'गंभीर'वर नेली आणि नेटवर्कच्या इशाऱ्यांनाही तीच चाळणी लावली. पडदा शांत झाला. तिला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एकुआ आंटीने केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेला मासा बांधून देताना ओठ हलवले. ही बाई रोज छेडायची, "दोघांचं कधी बांधू गं? एकटीचं बांधून बांधून माझे हात कंटाळले." आज ओठ हलले, पण आवाज आला नाही. आपलंच लक्ष नसेल, असं अराबाला वाटलं. पुढे ट्रोट्रो मिनीबसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर गळ्याच्या शिरा ताणून थांब्यांची नावं ओरडत होता, आणि त्याचंही नुसतं तोंडच उघडत होतं. रस्ता ओलांडताना एका ट्रकचा भोंगा तेवढा कानठळ्या बसवून गेला, नाहीतर ती चाकाखालीच जायची. म्हणजे कान शाबूत होते.

घरी पोचली तोच पापांचा फोन आला. आई गेल्यापासून पापा सॉल्टपाँडला एकटेच राहत आणि रोज फोन करून कोंबडीने अंडं कुठे घातलं, शेजाऱ्याने मीठ कसं परत केलं नाही, असलं काहीबाही सांगत. अराबा हं-हं करत भांडी घासायची आणि मनातून वैतागायची. आज पलीकडून काहीच ऐकू येईना. रेंज गेली म्हणावं, तर फोन बराच वेळ चालू राहिला आणि नेहमीसारखा गप्पा संपायच्या सुमाराला तिकडून ठेवला गेला.

मग रोज तसंच होऊ लागलं. डॉक्टरांनी कान तपासले आणि ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. क्वान्सासाहेबांचे सकाळचे नमस्कार-चमत्कार तिच्यापर्यंत येत नव्हते, पण हॉल थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं तेव्हा त्यांनी जिन्यावरून मारलेली "हॉल तापतोय, पळ!" ही हाक तिला लख्ख ऐकू आली. तेव्हा कुठे तिला शंका आली: माणसांचंही गंभीर तेवढंच ऐकू येतंय. तिने धावत जाऊन नोंदींची पातळी पुन्हा 'माहिती'वर आणली. पडद्यावर पंखे, झाकणं, तारा सगळ्यांची कुरकुर परत सुरू झाली. माणसांची झाली नाही.

अराबाला आता फार एकटं वाटू लागलं. पापांच्या त्या कोंबडीसाठी, त्या मिठासाठी तिचा जीव तुटत होता.

रविवारी दुपारी फोन थरथरला. बोलणं ऐकू येण्याची आशा तिने सोडलीच होती, तरी फोन उचलला.

"अराबा, जेवलीस का गं?"

तिला रडूच फुटलं. "पापा! बोला ना. कोंबडीचं सांगा, शेजाऱ्याचं सांगा, काहीही सांगा!"

"आज काय झालंय तुला?" पापा हसले. "एरवी तर नुसतं हं-हं करतेस."

ती डोळे पुसत खिडकीशी आली. खाली अंगणात मुली आम्पे खेळत होत्या. उड्या मारत होत्या, टाळ्या पिटत होत्या, खिदळत होत्या. त्यांतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

म्हणजे चाळणी अजून लागलेलीच होती.

"पापा, तुम्हाला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून पापा त्यांच्या तांबड्या कोंबडीचं सांगू लागले, आणि त्यांचा शब्द न् शब्द तिला अगदी स्पष्ट ऐकू येत होता.