फ्रेंच म्हाताऱ्याचा उरलेला सिनेमा

आमच्या ह्यांना पडलेल्या सिनेमांचं भारी वेड. फ्रान्सचा कुणी एक जुना दिग्दर्शक होता, त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं न्हाई. आमच्या घरात तो नुसता फ्रेंच म्हातारा. त्याचे दोन-तीन सिनेमे म्हणे जगभर गाजले. ते ह्यांना नकोत. "गाजलेले सगळेच बघतात, शांता. पडलेल्यात माणूस सापडतो," असं म्हणायचे. हे म्हणजे मल्लिनाथ सर, लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा माणूस, पुण्याला पत्रं धाडून धाडून त्या म्हाताऱ्याचे कुणी न बघितलेले सिनेमे मागवायचा. पत्र्याच्या डब्यांतली रिळं एस्टीनं यायची.

रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून सिनेमा. बघायला वकील, मास्तर, आडत बाजारातले दोन-चार शेटजी, आणि नवऱ्याचा मान ठेवायचा म्हणून मी. पण ह्या पडलेल्या सिनेमांना खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नसायची. नुसती फ्रेंच बडबड. पहिल्याच वेळी मी वैतागून म्हणलं, "काय म्हणून राहिली ही बाई? कुणी सांगल का न्हाई?" तर आमची सृष्टी, एकुलती एक लेक, उठून मशीनपाशी उभी राहिली आणि धडाधड सांगायला लागली, "ती म्हणती, आंघोळीचं पाणी तापून तापून आटलं, पण ह्या घरात कुणाला काही पडलीच न्हाई!" अख्खा हॉल हसला. शाळकरी पोर, फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता तिला.

मग तो रिवाजच पडला. सृष्टी सांगणार, लोक ऐकणार. हे चिडायचे. "मनाचं काही सांगू नको, बाळा. जे हाय ते हाय." ती म्हणायची, "अप्पा, तुम्हाला तरी काय कळून राहिलंय?" आणि पुढचं ठोकून द्यायची. एकदा तर हे नांदेडला त्या म्हाताऱ्यावर भाषण द्यायला गेले आणि भरसभेत सांगून बसले, की त्याच्या सिनेमातला कोळी मरताना म्हणतो, वरणात मीठ कमी हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ह्यांच्या ध्यानात आलं, ते वाक्य सृष्टीचं होतं. कितीतरी दिवस तोंड लपवून फिरले. आम्ही मायलेकी हसून हसून बेजार.

शेवटचा सिनेमा स्टेशनावरचा. एक म्हातारी टोपली घेऊन बाकड्यावर बसलेली, गाडीची वाट बघत. सृष्टी सांगू लागली, "हिची लेक लांब शिकायला गेलीय. आज येणार. टोपलीत धपाटे हायत." म्हातारी टोपलीवरचं फडकं नीट करायची, रुळाकडं बघायची. "ती म्हणती, गाडीला उशीर होऊ दे, पण लेक यावी." गाडीचा धूर दिसला न दिसला तोच लाईट गेली, ती दिवसभर आलीच न्हाई. डबे तर लगेच परत धाडायचे होते. "अव्वा, उरलेलं मी सांगते," सृष्टी मला म्हणली, "मामाकडून गणपती करून आले की."

मामाचं गाव किल्लारीच्या अंगाला. विसर्जन झालं आणि पहाटे भूकंप. पुढचं मी सांगत न्हाई. घराच्या भिंती दगडामातीच्या होत्या, एवढंच.

रविवारच्या सिनेमाचं मंडळ मोडलं. पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं, हे रिटायर होऊन एका क्लासात शिकवायला लागले. गल्लीच्या तोंडाला पहिल्या आलेल्या पोरींचे फ्लेक्स, दरसाल नव्या पोरी, सगळ्या हसणाऱ्या. मी मान खाली घालून भाजीला जाते. सृष्टीचे फोटो हायत माझ्यापाशी. आवाज न्हाई. कुणी टेप केला न्हाई. तिचा आवाज म्हणजे तेवढंच: आंघोळीचं पाणी, वरणातलं मीठ, टोपलीतले धपाटे. ते रोज मनात म्हणून बघते, पुसलं जाऊ नये म्हणून.

आणि परवा नांदेडच्या आलोकनं, ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं, पेनड्राइव्ह धाडला. फ्रेंच म्हाताऱ्याचे सगळे पडलेले सिनेमे, धुऊनपुसून, खाली इंग्रजी अक्षरांसकट. हे म्हणले, "स्टेशनाचाही हाय, शांता. शेवट कळंल."

"नको मला."

"अगं, खरं काय हाय ते तरी..."

"तुमचं खरं घाला चुलीत! खरं ऐकलं की तिचं पुसून जाईल. मग माझ्यापाशी काय राहतंय?"

ऐकलं न्हाई ह्यांनी. टीव्ही लावला. मी आत भांडी आपटत बसले. पण रुळांचा आवाज आला आणि पाय आपसूक बाहेर आले. तीच म्हातारी. तेच फडकं. मला इंग्रजी वाचता येत न्हाई, ते ह्यांना ठाऊक.

"काय म्हणून राहिली?" मी विचारलं.

हे फळ्यावरचं वाचल्यागत सपाट बोलले, "कोंबडीची पिल्लं मागवलीत तिनं. गाडीनं यायचीत. ती म्हणते, वाटेत जिवंत राहिली म्हणजे बरं."

"पिल्लं?"

"पिल्लं. टोपली त्याच्यासाठीच. रिकामी हाय."

इतकी वर्षं मी त्या टोपलीत धपाटे बघत होते. लई राग आला मला, त्या म्हाताऱ्याचा, ह्यांचा, आलोकचा. घाईघाईनं मनात म्हणून बघितलं, टोपलीत धपाटे हायत, तर सृष्टीचा आवाजच येईना. ह्यांचाच सपाट आवाज येऊन राहिला. "पुसलंत ना!" मी ओरडले. "शेवटी पुसलंतच!" आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पडद्यावर गाडी आली. खाली अक्षरं येत होती, जात होती. हे काही वाचेनात. मग हळूच म्हणले, "ती म्हणती... गाडीला उशीर झाला, पण लेक आली."

जन्मात मनाचं एक अक्षर न सांगणारा माणूस. मी वर बघितलं. गार्डानं एक खोकं खाली दिलं होतं. म्हातारीनं झाकण उचललं. आत पिल्लंच पिल्लं, चिवचिव करत, सगळी जिवंत. म्हातारी हसून राहिली होती. फलाटावर दुसरं कुणीच उतरलं नव्हतं.

"लेक म्हणती," हे पुढं म्हणले, "अव्वा, लई भूक लागलीय. धपाटे काढ."

"कुणी उतरलं न्हाई हो," मी म्हणलं. "दिसतंय मला. आली न्हाई ती."

"न्हाई आली," हे म्हणले.

सिनेमा संपला. मी ह्यांचा हात धरला. "थांबू नका," म्हणलं. "पुढं सांगा. धपाटे खाल्ले का तिनं?"