जुन्या भिंतीच्या बाहेरून

"धरा बरं घट्ट," म्हणत नगरपालिकेच्या इंजिनिअरने टेपचं टोक गवंड्याच्या हातात दिलं. गवंड्याने ते स्वतःच्याच कुंपणभिंतीला टेकवलं. टेप सोडत इंजिनिअर समोरच्या घराकडे निघाला. ते घर वहिनीचं. गवंड्याचा थोरला भाऊ गेल्यापासून ती एकटीच तिथे राहायची. रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आणि त्या मशीनवर तिचं पोट.

गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही, रस्ता रुंद हवा, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो जागा कुणाची जाणार याचा. इंजिनिअर बरोबर मध्यावर रेघ मारणार होता आणि तिथून दोन्हीकडे सारखं अंतर सोडणार होता.

"म्हणजे माझी खोली जाते," वहिनी म्हणाली. "पण साहेब, गल्ली आधी एवढी अरुंद नव्हती हो."

"मग काय, पावसात भिजून आटली?" गवंड्याच्या शेजारचा किराणावाला म्हणाला. सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली.

"जुना नकाशा आमच्याकडे नाही," इंजिनिअर म्हणाला. "समोरच्या ओळीच्या भिंती मूळच्या जागेवर आहेत का, हे कोण सांगेल?"

"भाऊजींना विचारा ना. सगळ्या त्यांनीच बांधल्यात. ते म्हणतील ते मला कबूल."

टेप गवंड्याच्या बोटांत घामाने ओला झाला. भिंत नव्याने बांधताना जुनी आधी पाडली, तर अंगण उघडं पडतं. म्हणून काही वर्षांपूर्वी आपली भिंत बांधताना त्याने आखणीची दोरी जुन्या भिंतीच्या बाहेरून, गल्लीच्या बाजूने ताणली होती. नवी उभी राहिल्यावर आतली जुनी पाडली आणि अंगण हातभर वाढलं. ते पाहून किराणावाला म्हणाला, आमचीही अश्शीच कर. मग त्याच्या पलीकडचा म्हणाला. बघता बघता अख्खी ओळ पुढे सरकली, आणि पापाचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

आता ती सगळी ओळ त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"जागच्या जागी आहेत," गवंडी टेपकडे बघत म्हणाला.

"झालं तर मग," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

रविवारी तिने खोली उतरवायला त्यालाच बोलावलं. नगरपालिकेची माणसं विटांचा चुरा करतील, तुमच्या हातून धड निघतील, म्हणाली. तो हातोडा-छिन्नी घेऊन आला, तेव्हा मशीन जुन्या चादरीत बांधून झालं होतं. ती फरशीवरच्या टाचण्या वेचत होती.

"ही खिडकी आधी काढा. तुमची भिंत चालली होती, तेव्हा हे दिवसभर इथेच बसून बघायचे."

गवंड्याचा हात थांबला.

"मी म्हटलं, अहो, जाऊन बोला की त्यांना. तर म्हणाले, पोरं वाढतायत त्याची, हुंदडू दे हातभर जागेत. कधीतरी आपणहून सांगेल."

आवाजात टोमणा नव्हता. तिने चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला मान वर करता आली असती.

"मग त्या दिवशी... सगळ्यांसमोर मला विचारायला का लावलंत, वहिनी?"

"यांना खात्री होती ना." तिने टाचणी डबीत टाकली. "म्हटलं, एकदा विचारून बघावं."

तो बाहेर पडला आणि गल्ली ओलांडून आपल्या अंगणात गेला. भिंतीपासून हातभर आत, बायकोने सारवून गुळगुळीत ठेवलेल्या जमिनीत त्याने कुदळ घातली. जुनी भिंत पाडली होती ती जमिनीवरची. खालचा पाया कोण उपसत बसतो?

किराणावाल्याने भिंतीवरून डोकावलं. "काय मिस्त्री, झाड लावताय?"

कुदळ दगडावर खणकली. गवंडी वाकलेलाच राहिला. समोरच्या खिडकीकडे बघायची त्याची छाती नव्हती.

"साहेबांना बोलावून आण," तो म्हणाला. "आणि तुझ्याही अंगणात खणायला घे. तिथेही जुना पाया लागेल."