कादरचं कुलूप

कंप्रेसरच्या खोलीमागे पालथ्या घातलेल्या ड्रमवर बसून कादर आपल्या गावाची उत्तरेकडची भिंत वाचवत होता.

शत्रू नेमका कादरच्या चहाच्या वेळी आला होता. कादरने भालेवाले पुढे केले, ते कापले गेले. दुसरी तुकडी पाठवली, तीही गेली. "जाऊ द्या, घ्या अजून," असं पुटपुटत त्याने अंगठा दाबला. टोळीतले लोक भराभर लिहीत होते : उस्ताद, दरवाजा सांभाळा!

पंचावन्नी उलटलेला हा माणूस चाकणजवळच्या एका पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात फिटर होता. मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तो घरी पडून राहिला, तेव्हा वेळ जावा म्हणून धाकट्या मुलीने, अल्फियाने, हा खेळ फोनवर टाकून दिला. जखम भरली, खेळ सुटला नाही. शेतं पिकवायची, भिंती बांधायच्या, फौज उभी करायची, कुणाशी सलगी आणि कुणाशी वैर ते ठरवायचं. जन्मभर दुसऱ्याने दाखवलेला नट आवळला. इथे कुठकुठली माणसं त्याला विचारत होती, 'उस्ताद, आता काय करू?' ते त्याला फार गोड लागलं.

मग जेवताना एक हात फोनवर. खैरुन्निसा म्हणायची, "त्या गावात दुसरी बायको केलीय का? असली तर आणा एकदा जेवायला. बघू तरी माझ्यापेक्षा काय चांगलं शिजवती." तो हसायचा, पण मान वर करायचा नाही. लढाईत फोन आला की पडदा अडायचा, म्हणून त्याने अल्फियाकडून अशी सोय करून घेतली होती, की खेळ चालू असताना कुणाचाही फोन वाजू नये, दिसूही नये.

भिंत पडायला आली आणि त्याच्या ध्यानात आलं, की ड्रम हलत नाहीये.

प्रेसचा प्रत्येक ठोका जमिनीतून या ड्रमपर्यंत यायचा. बसल्या जागी माणूस थरथरायचा. आता खाली सगळं गार पडलं होतं. वीज गेली म्हणावं, तर मागे कंप्रेसर चालू.

तेवढ्यात झाडणाऱ्या शालनबाई कोपऱ्यावरून आल्या. त्याला पाहून त्यांच्या हातातला झाडू गळाला.

"कादरभाई! तुमी हितं हाय व्हय?"

"का? काय झालं?"

"काय झालं इचारता? तिकडं अख्खी कंपनी तुमाला खड्ड्यात हुडकतीय!"

कादरचा हात खिशावर गेला. आत किल्ली होती.

कारखान्यात एक रीत होती. मशीनच्या आत शिरणाऱ्या प्रत्येकाने मेन स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं. त्यावर त्याचा फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं त्याने काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कुलूप आहे, म्हणजे माणूस आत आहे. सकाळी तो आणि त्याचा जुना जोडीदार श्याम मोठ्या प्रेसखाली गळका पाइप बदलायला शिरले होते. श्याम आधी निघाला, आपलं कुलूप काढून चहाला गेला. कादर मागच्या बाजूने बाहेर पडला, तोच फोन थरथरला : उस्ताद, हल्ला! कुलूप काय, येऊन काढू, असं म्हणून तो इकडे आला होता.

तो धावत प्रेसच्या शेडमध्ये शिरला. एवढी माणसं आणि इतकी शांतता त्याने तिथे कधी पाहिली नव्हती. प्रेसखालच्या खड्ड्यात पत्र्याचे कापलेले तुकडे पडायचे. ढीग घसरून कादर त्याखाली गाडला गेला असं समजून श्याम त्यावर पालथा पडला होता. हाताने तुकडे उपसायचा, थांबायचा, कादरचा नंबर लावायचा आणि खालून रिंग ऐकू येते का म्हणून ढिगाला कान लावायचा. ती ऐकू यावी म्हणूनच त्याने सगळे प्रेस बंद करायला लावले होते.

काठावर सेफ्टीच्या नीलिमा मॅडम हातात फोन घेऊन उभ्या होत्या. "श्यामभाऊ, आता त्यांच्या घरी कळवायला हवं."

"थांबा मॅडम. ढीग अजून सरला न्हाई."

"श्याम," कादर म्हणाला. त्याने पुन्हा हाक मारली.

श्यामने वळून पाहिलं. चढून वर आला. त्याची बोटं पत्र्याने चिरली होती. त्याने कादरचे खांदे चाचपले, दंड दाबून पाहिले.

"मुडद्या, कुठं मेला होतास?" तो ओरडला. काय बोलून गेलो हे लक्षात आलं, तसा फसकन हसला आणि तिथेच फरशीवर बसला. हसता हसता बाहीने डोळे पुसू लागला. "मॅडम, ठेवा तो फोन. ठेवा."

कादर कुलपापाशी गेला. किल्ली भोकात जाईना. सगळे बघत होते, पण मदतीला कुणी आलं नाही. येता येतच नव्हतं. ते त्याचं कुलूप होतं.

"सोमवारपर्यंत घरी बसा," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "आणि आल्यावर प्रत्येक शिफ्टला तुम्हीच उभं राहून सांगायचं, कुठं होता ते."

"सांगतो, मॅडम." नोकरी राहिली, हे त्याला बसमध्ये बसल्यावर कळलं.

बस निघाली. शेजारी बसलेला श्याम पट्ट्या बांधलेली बोटं पुढे करत म्हणाला, "दाखव तरी तुझा कारभार."

कादरने फोन पुढे केला. गाव जळून काळं पडलं होतं.

"किती गेले रे?"

"त्ये कोण बघतंय? बटण दाबलं की नवे हुत्यात."

श्यामने फोन परत दिला.

घरी येताच कादरने अल्फियाकडून फोन न वाजण्याची सोय बंद करून घेतली. काय घडलं ते खैरुन्निसाला सांगितलं नाही. जेवण झाल्यावर सांगू म्हणाला मनाशी. ती भाकऱ्या थापत होती. सवयीने अंगठा गावाकडे गेलाच. मोडक्या भिंतीशेजारी नवी फौज बनवायचं बटण लुकलुकत होतं. त्याच्यावर अंगठा धरला, तोच पडदा अडवून फोन वाजला.

"कादऱ्या?"

"हाय रे."

"काय न्हाई. असंच बघितलं." श्यामने फोन ठेवला.

"कुणाचा हो?" खैरुन्निसाने विचारलं.

"श्यामचा."

"काय म्हणत होता?"

"हाय का, इचारत होता," कादर म्हणाला, आणि फोन पालथा ठेवून त्याने ताट दोन्ही हातांनी पुढे ओढलं.