टिकलीचं बटण

अंगठ्याला टिकली लागली — फोनच्या कडेला, बटणावर चिकटवलेली, किंचित उंच, मखमली टिकली. जायच्या आदल्या दिवशी अलकनंदाने ती तिथे दाबून बसवली होती आणि बळवंतरावांचं बोट धरून तिच्यावरून फिरवलं होतं. "हे दाबून धरायचं आणि बोलायचं. सगळी नावं मी भरून ठेवलीत. नाव नीट घ्या, म्हणजे लागेल." नवऱ्याचे डोळे गेले तर बायकोने एवढं तरी करायचंच, अशा थाटात बळवंतराव बातम्या ऐकत राहिले होते. हं, म्हणाले होते.

त्यांनी बटण दाबून धरलं. "अलकनंदाला फोन लाव."

"या नावाचा संपर्क सापडला नाही," फोनमधली बाई म्हणाली. सकाळपासून तेच, त्याच गोड आवाजात.

पुन्हा. सावकाश. मग खात्यात असताना शिपायाला ओरडत तसं, चढ्या आवाजात... डॉक्टर म्हटलं की डॉक्टर लागतो, गॅसवाला म्हटलं की गॅसवाला लागतो, आणि स्वतःची बायको तेवढी सापडत नाही! नजरेच्या मध्यभागी डाग आल्यापासून त्यांना वस्तूंच्या कडा तेवढ्या दिसत — दाराची चौकट दिसे, दारातला माणूस नाही — त्यामुळे आकडे दाबून फोन करणं संपलंच होतं. शेजाऱ्यांना सांगता आलं असतं; पण माझ्या बायकोला फोन लावून द्या, असं कोणत्या तोंडाने सांगायचं, आणि दिला लावून, तर त्यांच्या देखत विचारायचं काय — कधी येतेस? येणार आहेस ना?

सांगलीला बहिणीकडे थोडे दिवस जाऊन येते, म्हणाली होती. पोचल्याचा फोन आला. त्यानंतर काही नाही. काल त्यांनी तिचं कपाट उघडून चाचपलं होतं. सुती साड्यांचा कप्पा रिकामा. स्वेटर, शाली, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना घेतलेला तो जाड कोट, सगळं जागच्या जागी. थंडी तोंडावर आलेली, आणि दिल्लीच्या थंडीचं सामान ती दिल्लीतच ठेवून गेली होती. शालीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले होते.

शेवटी फोन बिघडलाय असं सांगून त्यांनी शेजारच्या वैभवीला बोलावलं. ती दिल्लीतच जन्मलेली, वाढलेली; घरूनच ऑफिसचं काम करायची.

"अच्छा, बघू द्या ना काका," ती म्हणाली. "परमिशन तर ऑन आहे. भाषापण मराठीच. चलो, रिस्टार्ट करून बघू."

फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अलकनंदाला फोन लाव, असं तिनेही म्हणून पाहिलं. सापडली नाही. मग ती एकेक नाव बघत खाली गेली.

"काका, काकूंचं नाव यात नाहीच आहे. पण एक नीला आहे... अरे, हा तर काकूंचाच नंबर! माझ्याकडे आहे ना, सेम. नीला कोण?"

"तीच," बळवंतराव म्हणाले. "लग्नाआधीचं नाव."

"मतलब, काकूंचं नाव चेंज केलं? कोणी?"

"पद्धत होती तशी." मग म्हणाले, "मी."

"बदलून अलकनंदा करू? दोन सेकंदांचं काम आहे."

ताटातले तांदूळ... अंगठीने नावाची रेघ ओढली की दाणे बाजूला सरत आणि खालचं ताट चमके. नवी नोकरी, मित्रांबरोबर बद्रीनाथची वाट, खाली ती अलकनंदा नदी — तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की बायकोला हेच नाव द्यायचं. तिला विचारायचं असतं, हे मांडवात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग दिल्लीतलं पहिलं वर्ष. स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारावी, अलकनंदा — आणि ती पाठमोरी, पोळी लाटत, जशीच्या तशी. दुसरी हाक. तिसरी. मग दचकून वळायची. मला वाटायचं, हिला कमी ऐकू येतं. एकदा चिडून म्हणालोसुद्धा, कान दाखवून घेऊ या डॉक्टरला. त्यावर ती हसली होती... की नव्हती? चेहरा आठवत नाही. तेव्हा तर डोळे चांगले होते माझे.

"काका? करू?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे."

वैभवी गेली. जिन्यातली तिची पावलं थांबली तसं घर फार रिकामं वाटलं. सांगलीला बहीण तिला नीलाच म्हणत असणार. नीला, चहा झाला. नीला, चल बाजारात. आणि ती पहिल्या हाकेला ओ देत असेल, न दचकता. या विचाराने त्यांना इतकं वाईट वाटलं, की ते खुर्चीत बसून राहिले.

टिकलीची एक कड सुटायला आली होती. ती त्यांनी नखाने दाबून बसवली, बटण धरलं. इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं.

"नीलाला फोन लाव."

"नीला. फोन लावू का?"

पहिल्याच हाकेला! आता फक्त हो म्हणायचं. अलकनंदाला विचारायचं सगळं तयार होतं — कधी येतेस, माझ्या गोळ्या कुठे आहेत, गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस... पण नीलाला काय विचारायचं? तिच्याशी मी कधी बोललोच नाही. ती या घरात कधी आलीच नाही. तिला ये म्हणायचं, तर तिने कशासाठी यावं?

"फोन लावू का?" बाईने पुन्हा विचारलं.

बळवंतरावांचा अंगठा टिकलीवरच होता. बायको काय उत्तर देईल, याची त्यांना आज पहिल्यांदाच भीती वाटली.