गोंदलेला हात

सिंदीच्या टेसनाबाहेर बाईचा पुतळा बसवला. एकाहत्तरच्या लढाईत फौजेच्या गाड्या इथून जायच्या, तवा गावच्या बायाईनं शिपायाईले पानी पाजलं, त्याईच्या नावानं. पडदा ओढाले कोकिळाबाईलेच बलावलं. काऊन का, गोष्टच तिची! नवी सून असतानी पान्यानं भरला पितळी गुंड कमरेवर घेऊन ती गाडीसंगं पळत सुटली, अन् शेवटच्या शिपायाची तहान भागेपर्यंत पुढचं सेलू टेसन आलं म्हने! मूर्तिकारालेही तिनं हेच सांगतलं, हातवारे करू करू.

पडदा खाली आला. बाई झ्याक होती. पन तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदन होतं, ठिपक्याच्या ओळीच ओळी.

"आजी," नात समीक्षा म्हने, "तुह्या हातावर तं काईच नाई!"

"झिजलं असन वो, भांडे घासू घासू."

लोकं खदखदा हासले. मूर्तिकाराले सांगतानी गोष्टीच्या नादात कोकिळाबाईच्या तोंडातून डोळ्यानं पाह्यलेला हात निसटला होता. तो हात सुंदराचा. इंजिनानं शिट्टी मारली तशी कोकिळा गुंड टाकून बाकड्यामांगं लपली होती. वावरात मजुरीले येनाऱ्या सुंदरानं तो उचलला अन् धावली. घरी सासूनं इचारलं तं कोकिळा म्हने, "मीच पाजलं." गोंडाच्या बाईनं गुंडाले हात लावला म्हटलं असतं, तं सासूनं गुंड उकिरड्यावर फेकला असता. तेच निमित्त सांगून तिनं सुंदराले आन घातली, कोनाले सांगू नको म्हनून.

अन् आता सुंदरा गर्दीत उभी. उन्हात हातावर पदर ओढून राह्यली होती.

कोकिळाबाईनं माइक हिसकला. "हे मी नोहो! हे सुंदरा हाय. मी तं लपलती!"

"घ्या! आजीची नवी गोष्ट!" गर्दीतून गावचा बंडूजी वरडला. टाळ्याच टाळ्या.

ती खाली उतरली, सुंदराचं मनगट धरलं. "चाल माय वर. हात दाखव लोकाईले."

"सोड," सुंदरा हळूच म्हने. "तुही आन पाळाले मी माह्या नातवाईलेही सांगतलं, कोकिळाच पळाली म्हनून. आता तुह्यापायी मी लबाड होऊ?"

सुंदरानं हात सोडवला अन् घराकडे निंगाली. मंचावरून सरपंच महादेवराव फोटोसाठी आवाज देऊन राह्यले होते.

"आजी, खरं कोनतं वो?" समीक्षानं इचारलं.

"जा, तिले इचार," कोकिळाबाई म्हने. "माह्या तोंडाचं नको आयकू."